पुढचं पद

“आपण कोण?” मार्तंडानं विचारलं.

मला नाही विचारलं. मी नुकताच येऊन दाराशी चपला काढत होतो. विचारलं ते यमुनावहिनींना. त्या चहाचे कप घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या होत्या, आणि हा, घरी आलेल्या पाहुण्यांसमोर उठावं तसा, खुर्चीतून अर्धवट उठून त्यांच्याकडे बघत होता.

वहिनींनी कप टीपॉयवर ठेवले. “मी यमुना,” त्या म्हणाल्या.

“असं होय! बसा ना, उभ्या का?” आणि मग माझ्याकडे वळून अगदी नेहमीच्या आवाजात, “ये रे वामन. उशीर केलास. काल कुठवर आलो होतो आपण?”

आदल्या दिवशी थांबलो होतो ते सूक्त मी सांगितलं. आम्ही समोरासमोर मांडी घालून बसलो. त्यानं डोळे मिटून सुरुवात केली. एक स्वर इकडचा तिकडे नाही, एक मात्रा लांबली नाही. तोच भरदार आवाज, तीच मान खाली-वर होण्याची लय. मी माझ्या वाटणीचं म्हणत होतो, पण टीपॉयवर साय धरत चाललेल्या चहाकडे मला बघवत नव्हतं.

निघताना वहिनी फाटकापर्यंत आल्या.

“हे कधीपासून?” मी विचारलं.

“तुम्हाला आज दिसलं. मला दिवाळीपासून दिसतंय. परवा भाजी आणायला म्हणून गेले ते दिल्लीगेटापाशीच उभे राहिले. ओळखीच्या रिक्षावाल्यानं आणून सोडलं.” त्या फाटकाची कडी उगाच वर-खाली करत होत्या. “डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. नवीन असेल ते आधी जातं. जुनं शेवटपर्यंत राहतं.”

आतून मार्तंडाचं पुटपुटणं ऐकू येत होतं.

“वेद माझ्या आधीचे आहेत ना भावजी,” त्या म्हणाल्या. “मी नंतर आले.”

मार्तंड क्षीरसागर आणि मी, वामन निसळ, टोक्याच्या पाठशाळेत एकाच वर्षी दाखल झालो. प्रवरा जिथं गोदावरीला मिळते तिथं, घाटाच्या वरच्या अंगाला आमची पाठशाळा होती. आम्हाला मुंगीकरगुरुजींनी शिकवलं. मुंज होऊन वर्षही झालं नव्हतं. घरची आठवण येऊन मी रात्री रडायचो, तेव्हा हा माझ्या पांघरुणात तोंड घालून म्हणायचा, “उद्या मीपण रडणार आहे, आज तू रडून घे.” गुरुजींनी पहिल्याच महिन्यात आम्हाला समोरासमोर बसवलं आणि आमची जोडी लावून दिली. ती पुढं आयुष्यभर टिकली. संहिता, पदपाठ, क्रम, जटा अशा वेदपठणाच्या एकेक पायऱ्या चढत आम्ही सगळ्यात अवघड घनापर्यंत पोचलो. आमच्या बरोबरची मुलं कुणी शिक्षक झाली, कुणी बँकेत लागली, कुणी पौरोहित्य करून घरं बांधली. आम्ही दोघं नगरात आलो, लग्नं-मुंजी लावून पोट भरलं, पण सकाळचं एकत्र म्हणणं कधी सोडलं नाही. गुरुजी गेले, पाठशाळेला कुलूप लागलं. त्यांची म्हणण्याची जी धाटणी होती, ती मग आमच्या दोघांच्या गळ्यातच उरली. मार्तंडाला मूलबाळ नव्हतं. माझा मुलगा बंगळुरात. शिकायला अधूनमधून कुणी यायचं, पण संहितेच्या पुढं कुणी टिकलं नाही.

मला याचं फारसं काही वाटत नसे. मार्तंडाला वाटे. “ऐकणारं कुणी नसेल तर आपण दोघं एकमेकांना किती दिवस ऐकवणार?” तो म्हणायचा.

म्हणूनच केतकी गानू आली तेव्हा तो इतका हरखला होता.

ती आदल्या वर्षीची गोष्ट. केतकी पुण्याची, तिशीची असेल. संस्कृत शिकलेली. जुन्या विद्या शहरातल्या लोकांसमोर त्यांना कळतील अशा मांडायच्या, हा तिचा ध्यास होता. त्याआधी तिनं असे दोन-तीन कार्यक्रम केले होते. कुणीतरी आमचं नाव सांगितलं म्हणून ती शोधत आली. मी तिच्याशी जरा तुटकपणेच बोललो. वेद रंगमंचावर म्हणायचे, समोर माणसं खुर्च्यांत बसलेली, ही कल्पनाच मला रुचत नव्हती.

तिनं विचारलं, “गुरुजी, घन म्हणजे नक्की काय? मी पुस्तकात वाचलंय, पण कानाला काही उलगडत नाही.”

मार्तंड टाळी वाजवून उठला. त्यानं तिला खोलीच्या मध्यभागी उभं केलं. मग स्वयंपाकघरात जाऊन वहिनींचा हात धरून त्यांना बाहेर आणलं. वहिनींचे हात पिठाचे होते. त्या “अहो, अहो” करत राहिल्या. शेवटी त्यानं मलाही ओढलं आणि आम्हा तिघांना ओळीनं उभं केलं.

“ही तीन पदं. म्हणजे तीन शब्द समजा. केतकीताई एक, यमुना दोन, वामन तीन.” तो आमच्या पुढून बोट नाचवत चालू लागला. “एक-दोन, दोन-एक. एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. झाली एक घडी! आता केतकीताईंना सोडायचं, यमुनापासून सुरू करायचं आणि पुढचं नवीन पद घ्यायचं. दोन-तीन, तीन-दोन…” तो जात होता, परत येत होता, आणि वहिनींपाशी आला की दर वेळी त्यांच्या खांद्याला बोट लावत होता. वहिनी लाजून पार लाल झाल्या होत्या. “पुढं जायचं, मागं यायचं, पुन्हा पुढं. सगळी पदं एकमेकांना अशी बांधून टाकलेली की एक जरी निसटायला लागलं तर शेजारची धरून ठेवतात. कागद नव्हता तेव्हा हीच युक्ती होती. कळलं?”

“कळलं!” केतकी म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. “गुरुजी, लोकांनाही हे असंच दाखवायचं.”

मार्तंडानं त्याच दिवशी तिला होकार दिला. मी नाही म्हटलं असतं, पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून गप्प बसलो.

आणि आता कार्यक्रम तोंडावर आला होता. पुण्यातलं नाट्यगृह ठरलं होतं. दोन दिवस मी मनाशी घोळवलं आणि मग वहिनींना म्हणालो, “मी केतकीला फोन करून नको म्हणून सांगतो. एवढ्या लोकांसमोर काही झालं तर?”

“ते एकदा तरी चुकलेत का?” वहिनींनी विचारलं.

“अजून नाही.”

“मग होऊ द्या.”

“वहिनी, पण…”

“भावजी, ते रोज थोडे थोडे चाललेत. मी बघतेय ना. कालची ओळख आज नसते. एवढी एकच गोष्ट त्यांच्याकडे अख्खी आहे. ती लोकांनी ऐकावी ही त्यांची इच्छा होती, आणि ती मुलगी ते सगळं ध्वनिमुद्रित करून ठेवणार आहे. पुढच्या वर्षी म्हटलंत तर ठेवायला काय उरेल?” त्यांचा आवाज जराही हलला नाही. “तुम्ही शेजारी असाल. तुम्ही सांभाळाल.”

केतकीला हे सगळं सांगावं असं मला वाटत होतं. वहिनींनी शपथ घातली. “ती दयेनं बघेल त्यांच्याकडे. मला ते नको. वैदिक म्हणून बघू दे.”

आम्ही गाडीनं निघालो. शिरूरच्या पुढं रसवंतीला थांबलो तेव्हा मार्तंड रसाचा पेला हातात धरून उसाच्या चरकाकडे बघत बसला. नवं धोतर, खांद्यावर रेशमी उपरणं, कपाळाला गंध. राजबिंडा दिसत होता.

“वामन,” तो हळूच म्हणाला, “परीक्षक कोण कोण येणार आहेत?”

“कसले परीक्षक?”

“अरे, घनान्ताची परीक्षा ना? काशीचे येणार म्हणत होते गुरुजी. तुला भीती नाही वाटत?”

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी मान वळवून रस्त्याकडे केली.

“नाही वाटत,” मी म्हटलं. “आपली तयारी आहे.”

“तुझी असेल.” तो हसला. “मी अडलो तर सांभाळून घे.”

नाट्यगृह भरलं होतं. मला वाटलं होतं म्हातारी माणसं येतील, पण तरुण पोरं-पोरी बरीच होती. केतकीनं फार सुरेख मांडलं. मागच्या मोठ्या पडद्यावर तिनं एक छोटी ऋचा घेतली. आम्ही पद म्हणायचो तसं ते पद पडद्यावर उजळायचं. एक, दोन, मग दोन, एक. माणसं पुढं सरसावून बसली. मध्येच कुणीतरी “वा!” म्हणालं. खोटं कशाला सांगू, माझ्या मनातली अढी तिथंच सुटली. इतकी वर्षं मला वाटायचं, यांना काय कळणार? पण त्यांना कळत होतं. निदान समजून घ्यायची त्यांची धडपड तरी मला दिसत होती.

पहिल्या भागात मार्तंडानं एकही स्वर हलू दिला नाही.

मग केतकी म्हणाली, “आता पडदा बंद. डोळ्यांना विश्रांती. हे दोन गुरुजी आता एक संपूर्ण सूक्त घनपाठात म्हणतील. तुम्ही फक्त ऐका.” पडदा काळा झाला. सभागृहातले दिवे मंदावले. आम्हा दोघांवर तेवढा पिवळा उजेड उरला.

आमची पद्धत अशी की एक घडी त्यानं घालायची, पुढची मी. जोडीदार चुकला, अडला, तर दुसऱ्यानं लगेच हात वर करून थांबवायचं, बरोबर पद द्यायचं, आणि तिथून पुन्हा म्हणायचं. मग समोर कुणीही बसलेलं असो, राजा असो की परीक्षक. यात लाज नसते. चुकीचं पद कानावर घेऊन पुढं जाणं हे मात्र चालत नाही. वेद टिकले ते एवढ्यावरच.

सूक्त अर्ध्यावर आलं. त्याची पाळी होती. एक-दोन, दोन-एक, छान झालं. एक-दोन-तीन. तीन-दोन-एक. एक-दोन-तीन. इथं त्याची घडी संपली. आता मी सुरू करायचं.

मी श्वास घेतला, तोवर तो पुन्हा परतला होता. तीन-दोन-एक.

मला वाटलं, चुकून झालं, आता थांबेल. तो थांबला नाही. एक-दोन-तीन. तीन-दोन-एक. स्वर निर्दोष होते. प्रत्येक पद जिथल्या तिथं होतं. फक्त तो त्या तीन पदांच्या बाहेर पडू शकत नव्हता. पुढं जायचा, मागं यायचा. त्याची गती वाढायला लागली. माझा हात मांडीवरून उचलला गेला.

तेवढ्यात त्यानं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

त्याला कळलं होतं. हे मी अगदी खात्रीनं सांगतो. आपण हरवलोय, वाट सापडत नाहीये, हे त्याला त्या क्षणी कळलं होतं. गर्दीत हात सुटलेल्या पोरासारखे त्याचे डोळे झाले होते, आणि तोंडातून ती तीन पदं निघतच होती, जणू ती थांबली तर बाकी काहीच उरणार नव्हतं. अंधारात माणसं स्तब्ध बसली होती. पहिल्या रांगेतल्या वहिनींचा चेहरा मला दिसत नव्हता, पण त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरलेले दिसत होते.

मी हात खाली घेतला. आणि त्याच्या आवाजात माझा आवाज मिसळला.

एक-दोन-तीन. तीन-दोन-एक. मी त्याच्याबरोबर फिरू लागलो. त्याच्या डोळ्यांतली भीती निवत गेली. आम्ही दोघं एका स्वरात, एका गतीत, त्याच तीन पदांत जात-येत राहिलो. मी हळूहळू आवाज वर नेला, त्यानं नेला. मग एका वळणावर मी ओंकार धरला आणि त्याचा गुडघा दाबला. त्याला ती खूण समजली. त्यानंही ओंकार धरला. सूक्त अर्धंच राहिलं होतं.

मग टाळ्या सुरू झाल्या. माणसं उठून उभी राहिली. पुढची एक मुलगी डोळे पुसत होती. केतकी विंगेत उभी राहून रडत-हसत टाळ्या वाजवत होती. टाळ्या थांबेचनात.

आत खोलीत नेऊन बसवलं तेव्हा मार्तंडाचं अंग घामानं थबथबलं होतं.

“झालो ना पास?” त्यानं विचारलं.

“झालास.”

“दोघंही?”

“दोघंही.”

“पण गुरुजी काहीच बोलले नाहीत,” तो म्हणाला, आणि दाराकडे बघत बसला.

त्या दिवसानंतर तो झपाट्यानं खचला. सकाळी मी जायचो, समोर बसायचो. कधी अर्धी ऋचा म्हणायचा, कधी नुसताच मान हलवायचा.

आठवड्याभरात केतकीचा फोन आला. “गुरुजी, सगळे त्या शेवटच्या भागाबद्दल बोलतायत! तो जो उत्कर्षबिंदू गाठलात ना तुम्ही, तो मी इंटरनेटवर टाकणार आहे. परदेशातल्या दोन शाळांनी मुलांना शिकवण्यासाठी मागितलंय.”

“टाकू नकोस,” मी म्हटलं. “मी येतोय.”

पहिल्या एसटीनं मी पुण्याला गेलो. तिच्या खोलीत तिनं ते लावलं. मी म्हटलं, “मार्तंडानं तुला आपल्या तिघांची पदं करून शिकवलं होतं ना? तसं बोटांवर धरून ऐक.”

ती बोटं धरत ऐकू लागली. एक-दोन, दोन-एक. चेहऱ्यावर हसू होतं. घडी संपली. तिचं बोट पुढच्या पेरावर गेलं, थबकलं, मागं आलं. पुन्हा मागं आलं. मग ती बोटं मोजायची थांबली, आणि आमचे दोघांचे आवाज तेवढे खोलीत फिरत राहिले.

“त्यांना… पुढचं आठवत नव्हतं?”

मी सगळं सांगितलं. दिवाळीपासूनचं.

तिनं हात लांबवून आवाज बंद केला. “आणि मी टाळ्या वाजवल्या,” ती म्हणाली.

“सगळ्यांनीच वाजवल्या. त्यात तुझं काही चुकलं नाही.”

“गुरुजी, खरं सांगू? माझ्या अगदी ओठांवर आलं होतं की हे कुणाला कळणार आहे?” तिनं डोळे पुसले. “इतकं सुंदर आहे हो ते.”

“आहे. पण तुझ्या त्या शाळांतली पोरं ऐकून पाठ करतील. त्यांच्याकडून आणखी कुणी. पन्नास वर्षांनी कुणीतरी म्हणेल, टोक्याच्या पाठशाळेत घन असाच म्हणत. आमच्या गुरुजींनी तो अख्खा आमच्या हाती दिलाय, केतकी.”

तिनं माझ्यासमोर ते पुसून टाकलं. पुसण्याआधी मला विचारलं, “यमुनाकाकूंना विचारायचं का?” मी तिथूनच वहिनींना फोन लावला.

वहिनी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “लोकांना नकोच. पण मला एक द्या. चुकलेला असला तरी माझा आहे तो.”

केतकीनं एका लहानशा यंत्रात ते त्यांच्यापुरतं भरून दिलं. एकच बटण, दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद.

नंतर तिनं मला एकट्यालाच ध्वनिमुद्रणाला बोलावलं. सूक्त नीट, पूर्ण राहायला हवं होतं. मी गेलो. माझी घडी झाली की मी थांबायचो. कान समोर लागायचे. काचेपलीकडून केतकी खूण करायची, “गुरुजी, पुढं.” दोन दिवस असंच गेलं. तिसऱ्या खेपेला मी भिंतीकडे तोंड करून बसलो आणि दोघांच्याही घड्या म्हटल्या. ते ध्वनिमुद्रण आज आहे. मुलं ऐकतात, दोघं-तिघं तर त्यावरून चांगली तयार झालीत. त्यात चूक नाही. पण दोन आवाजही नाहीत.

पावसाळा सरला तोवर मार्तंडाचं बोलणं जवळजवळ थांबलं होतं. तो पलंगावर उशीला टेकून बसलेला असायचा. वहिनी त्याला भात भरवायच्या, तो मुकाट्यानं तोंड उघडायचा. त्या दुपारी मी गेलो तर वहिनी पलंगाजवळ स्टुलावर बसल्या होत्या. हातात ते यंत्र.

“दुपारी लावते मी,” त्या जरा ओशाळून म्हणाल्या. “एवढे दिवस आत लावायचे, एकटीच. आज म्हटलं, यांना ऐकवावं. बघू.”

त्यांनी बटण दाबलं.

मार्तंडाचा आवाज खोलीत भरला. तो भरदार, न चुकणारा आवाज. पलंगावरच्या मार्तंडाची मान हळूहळू हलू लागली. खाली, वर, आडवी. स्वराबरोबर. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. कित्येक दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड मी पाहिला नव्हता. माझा आवाज आला, मग त्याचा, मग माझा. मग ती घडी आली. एक-दोन-तीन. तीन-दोन-एक. एक-दोन-तीन. आणि पुन्हा मागं.

मार्तंडाची मान थांबली. त्यानं डोळे उघडले. त्याच्या कपाळाला आठी पडली.

“चुकतोय,” तो म्हणाला.

आवाज घोगरा होता, पण शब्द स्पष्ट होता. वहिनी स्टुलावरून उठल्या.

“चुकतोय हा मुलगा. पुढचं पद घेत नाही.” तो अस्वस्थ होऊन अंगावरची चादर ओढू लागला. तेवढ्यात यंत्रातून माझा आवाज येऊन त्याच्या आवाजात मिसळला. मार्तंडानं कान दिला. “आणि हा दुसरा कोण? याला तर येतंय. हा का नाही सांगत त्याला?”

मी वहिनींच्या हातातून यंत्र घेऊन बंद केलं. पलंगासमोर जमिनीवर मांडी घातली. हात वर केला, आणि पुढचं पद म्हटलं.

त्यानं ते घेतलं. थरथरत्या आवाजात घेतलं, पण घेतलं. दोन-तीन, तीन-दोन. माझी घडी, त्याची घडी. नाट्यगृहात राहून गेलेलं ते अर्धं सूक्त आम्ही त्या खोलीत, भाताचं ताट बाजूला तसंच असताना, शेवटपर्यंत म्हटलं. दोनदा तो अडला, दोनदा मी हात वर केला आणि पद दिलं. वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. ओंकार झाला.

तो दमून उशीवर रेलला. त्याच्या चेहऱ्यावर फार समाधान होतं. मग त्यानं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, आणि परगावच्या वैदिकाला विचारावं तशा अदबीनं विचारलं,

“छान म्हणता. आपण कुणाकडे शिकलात?”

“टोक्याला. मुंगीकरगुरुजींकडे.”

“अरे वा!” त्याचे डोळे लकाकले. “मग आमच्या वामनला ओळखत असाल.”

“ओळखतो.”

“रोज सकाळी यायचा. अलीकडे येत नाही,” मार्तंड म्हणाला. “भेटला तर सांगाल त्याला? म्हणावं, मी बसलोय.”

“सांगतो,” मी म्हटलं.